पाव वॅटाचा हिशेब

प्रिय भाचेबाईस,



तुझा मेसेज मिळाला. ‘मामा, गिटारचा अँप पाच वॅटचा घेऊ की पंधरा? ट्यूबचाच हवाय, आणि कॅफेत वाजवायचाय.’ फोनवर एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. पण ते वाक्य घेऊन तू दुकानात गेली असतीस आणि विक्रेत्याने दुसऱ्या वाक्यात ते खोडून काढलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं त्रिकूट मी ऐकलंय. एक गाणारी, एक कहॉन वाजवणारा आणि तू. जागा म्हणजे एरंडवण्यातलं एखादं कॅफे, कुणाच्या बंगल्याचं अंगण, नाहीतर पुस्तकांच्या दुकानाचा कोपरा. माणसं तीस-चाळीस, आणि पहिलं टेबल तुझ्यापासून चार पावलांवर. लोक खातात-पितात, अधूनमधून बोलतात, आणि ते बोलणारच. अशा ठिकाणी वॅटचा प्रश्न दुसरा. गाणारीच्या आवाजाखाली राहून तुझी गिटार किती मोठी वाजायला हवी, हे आधी ठरव. तेवढ्या आवाजाला जो अँप गोड वाजतो तो तुझा. पूर्ण उघडल्यावर तो कसा गर्जतो, हे ऐकण्याची वेळ कॅफेत तुझ्यावर येणारच नाही.

आता हिशेब करू. स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो: एक वॅट दिला की एक मीटरवर किती डेसिबल. गिटारच्या स्पीकरांचा हा आकडा साधारण ९५ ते १०० च्या दरम्यान असतो. आपण ९५ धरू. वॅट निम्मे केले की ३ डेसिबल उतरतात, म्हणजे पाव वॅटाला एक मीटरवर ८९. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल जातात, तेव्हा चार मीटरवर ७७ उरले. खोलीत भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच. माणसाचं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. म्हणजे पाव वॅटात तू पहिल्या टेबलावरच्या गप्पांना पुरून उरतेस.

मग अँपवर पाच-पंधरा वॅट कशाला लिहितात? पाव वॅट ही सरासरी झाली. तार छेडल्याच्या क्षणी जो ठोका उठतो, तो सरासरीच्या १० ते १५ डेसिबल वर जातो. १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. पावाचे झाले अडीच; सहाही तारा एकदम जोरात ओढल्यास तर सात-आठ. पाच वॅटचा अँप तिथे धापा टाकतो, ठोक्याचं डोकं चेपलं जातं आणि सुराला खरखरीत कड येते. बारा-पंधरा वॅटचा अँप तोच ठोका स्वच्छ पेलतो. निव्वळ मोठेपणात मात्र दोघांत फारसं अंतर नाही. पाचाचे पंधरा केलेस तर जेमतेम ५ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात. तेव्हा पाच आणि पंधरा यांतला खरा फरक सूर कुठे फाटायला लागतो, एवढाच.

‘छोटा अँप पूर्ण उघडून वाजवावा’ ही दंतकथा तुझ्या कानावर आलीच असेल. तिचं मूळ खोटं नाही. एरिक क्लॅप्टनने १९७० साली मायामीत ‘लेला’चा अल्बम ध्वनिमुद्रित केला तेव्हा फेंडरचा छोटासा चँप वापरला. त्या चँपमध्ये काय होतं? एक ६व्ही६ पॉवर ट्यूब, पुढे एक १२एएक्स७, एक रेक्टिफायर ट्यूब, ८ इंची स्पीकर आणि व्हॉल्यूमची एकच कळ. पाचेक वॅट. पूर्ण उघडला की ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर तिघंही आपापल्या परीने सूर दाबतात आणि तो भरलेला, गाणारा आवाज येतो. पण ते सगळं स्टुडिओत, मायक्रोफोनसमोर. वरच्याच हिशेबाने पाच वॅटचा पूर्ण उघडलेला अँप एक मीटरवर १०२ डेसिबल देतो. एवढ्यात तुझी गाणारी ओरडायला लागेल आणि कॅफेवाला बिल घेऊन तुझ्याचकडे येईल. वॅट कमी म्हणजे अँप शांत, असं समजू नकोस.

तू वाजवतेस काय, ते बघ. जुन्या हिंदी गाण्यांचे भरलेले कॉर्ड, जॅझच्या अंगाने जाणारे मधले तुकडे, आणि दोन-चार ब्लूज. म्हणजे बहुतेक वेळ स्वच्छ सूर आणि क्वचित थोडी धार. माझं मत दोन ६व्ही६ आणि १० इंची स्पीकर असलेल्या, बारा-पंधरा वॅटच्या अँपला. या जातीचा आदर्श म्हणजे १९६४ साली आलेला फेंडर प्रिन्सटन रिव्हर्ब. त्यात स्प्रिंगचा रिव्हर्ब आहे, ट्रेमोलो आहे, आणि व्हॉल्यूम दोन-तीनवर असतानाही सूर मरगळत नाही. आज त्याच रचनेवर फेंडर स्वतःही अँप काढते आणि इतर कारागीरही.

व्हॉक्सचा एसी१५ हा दुसरा मार्ग. १९५८ साली डिक डेनीने इंग्लंडमध्ये तो बांधला. त्यात दोन ईएल८४. आपल्याकडच्या जुन्या रेडिओंतही ही ट्यूब सापडते. तिचा सूर मधल्या पट्टीत जास्त बोलका, वर घंटेसारखी चमक. कॅफेत तो सुरेख वाजतो, पण गाणारीचा आवाज त्याच मधल्या पट्टीत असेल तर दोघींची टक्कर होते. तुमची गाणारी खालच्या सुरात गाते, म्हणून मी जरा बिचकतो. शिवाय १२ इंची स्पीकरवाला आजचा एसी१५ बावीसेक किलोचा आहे. प्रिन्सटन पंधराच्या आसपास. स्कूटरवरून न्यायचं असेल तर ते सात किलो पेठेतला जिना चढताना कळतात.

तिसरा मार्ग वॅट कमी करण्याच्या बटणाचा. मार्शलच्या ओरिजिन २० मध्ये २०, ३ आणि अर्धा वॅट अशा तीन पायऱ्या आहेत. ब्लूजच्या दोन-चार गाण्यांसाठी अर्ध्या वॅटावर पॉवर ट्यूब थोडी चेपून घेता येते. सोय खरी आहे, पण दुकानात दोन्ही टोकांना ऐक. खालच्या पायरीवर सूर कधीकधी मऊ आणि घोंगडीखालून आल्यासारखा होतो. ते तुझ्या कानाला चालतं का, हे तूच सांगू शकतेस.

मास्टर व्हॉल्यूमचं कामही समजून घे. तो पुढच्या छोट्या ट्यूबना तापू देतो आणि मागच्या मोठ्या ट्यूबना थोडंच देतो. त्यामुळे येणारी धार पातळ, मधमाशीच्या गुणगुणीसारखी लागू शकते. अ‍ॅटेन्युएटर हे वेगळं यंत्र. ते अँप आणि स्पीकरच्या मधे बसतं आणि उरलेली शक्ती उष्णतेत घालवतं. घेतलंस तर त्याचे ओहम अँपशी जुळले पाहिजेत: ८ ला ८, १६ ला १६. आणि ट्यूबचा अँप स्पीकर न जोडता कधी म्हणजे कधीच चालू करायचा नाही. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तुझ्यापुरतं बोलायचं तर स्वच्छ अँपपुढे एक बरा ओव्हरड्राइव्ह पेडल ठेव. दोन-चार गाण्यांचं काम तेवढ्यात भागतं.

हळू आवाजात गिटार बारीक का वाटते, हा प्रश्न तू मागे विचारला होतास. तो दोष अँपचा कमी आणि कानाचा जास्त. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं: आवाज उतरला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर मधल्यांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतात. घरी जोरात वाजवून लावलेल्या कळा कॅफेत तशाच ठेवल्यास तर सूर हडकुळा लागणारच. म्हणून खर्जाची कळ जागेवर, वाजवायच्या आवाजालाच लाव. छोट्या पेटीतल्या ८ इंची स्पीकरकडे मुळात खर्ज कमी असतो. तुमच्यात बेस गिटार नाही, तेव्हा तळ तुलाच सांभाळायचा आहे. १० इंचीखाली जाऊ नकोस असं मी म्हणतो ते म्हणूनच.

आता अँप ठेवायचा कसा. मागच्या वेळी तू तो जमिनीवर, स्वतःच्या पोटरीमागे ठेवला होतास. स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. ते तुझ्या गुडघ्यांना लागले आणि तिथून थेट पहिल्या टेबलावरच्या आजोबांच्या कानात गेले. तुला सूर मंद लागला म्हणून तू ट्रेबल वाढवलास. आजोबांनी खुर्ची सरकवली. अँप खुर्चीवर चढव किंवा मागे रेलून कलता ठेव, म्हणजे झोत तुझ्या कानाकडे येईल. फारच टोचत असेल तर तोंड बाजूच्या भिंतीकडे कर. भिंतीवरून परतलेला आवाज पसरतो आणि मवाळ होतो. कोपऱ्यात ठेवलास तर खर्ज फुगेल, तेव्हा कोपरा टाळ किंवा खर्ज उतरव.

शांत जागेत आणखी एक गोष्ट उघडी पडते: गुणगुण. दोन गाण्यांच्या मधे गाणारी काही सांगत असते आणि मागे तुझा अँप ५० हर्ट्झचा आपला स्थायी लावून बसलेला असतो. एकच पॉवर ट्यूब असलेल्या अँपमध्ये ही गुणगुण जास्त असते. दोन ट्यूबच्या जोडरचनेत ती बरीचशी आपसांत कटते, आणि बारा-पंधरा वॅटच्या बाजूने माझं हे आणखी एक कारण. उरलेली गुणगुण तुझ्या गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची असू शकते. कॅफेतला दिव्यांचा डिमर आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर ती ओढून आणतात. बसल्या जागी थोडी वळून बघ. एखाद्या कोनात ती निम्मी होते. अँपचं कनेक्शन फ्रीजच्या बोर्डावरून घेऊ नकोस.

विजेचा विषय आलाच आहे, तेव्हा दोन गोष्टी कान उघडून ऐक.

न्यू जर्सीची मावशी येताना अँप आणते म्हणाली, असं तू लिहिलंयस. तिथला अँप १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तो थेट लावलास तर फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. मधे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि त्याचं वजनही तुलाच वाहायचं आहे. अँपच्या मागच्या पाटीवर ‘५०/६०’ लिहिलंय की नुसतं ‘६०’, हेही मावशीकडून फोटो मागवून बघ. फक्त ६० साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. आणि पाच-पंधरा वॅट हे स्पीकरकडे जाणारे झाले. भिंतीतून ट्यूबचा अँप त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो, तेव्हा स्टेप-डाउन निवडताना पाटीवरचा आकडा बघायचा आणि वर भरपूर जागा ठेवायची. एवढा उपद्व्याप करून वॉरंटी तिकडेच राहते. मावशीला चॉकलेटं आणायला सांग. अँप इथेच २३० चा घे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या धातूच्या चौकटीला जोडलेल्या असतात, आणि गाणारीचा माइक वेगळ्या यंत्राला. एकाला अर्थ असेल, दुसऱ्याला नसेल आणि वीज गळत असेल, तर तारांवर हात असताना ओठ माइकला लागणं जिवावर बेतू शकतं. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे असाच भर कार्यक्रमात गेला. तूही मागे कोरस गातेस, म्हणून हे लिहितोय. अँप आणि माइकचं यंत्र एकाच तीन पिनांच्या बोर्डावरून घ्यायचं. अर्थ आहे की नाही हे दाखवणारा तीन दिव्यांचा टेस्टर-प्लग इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो गिटारच्या पिशवीत कायमचा टाक. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन काढणारा कुणी ‘तज्ज्ञ’ भेटला तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव. जागेत अर्थच नसेल तर त्या दिवशी साधी अकूस्टिक गिटार वाजव.

साध्या इन्व्हर्टरवर अँप लावू नकोस. त्याच्या चौकोनी लहरीने अँप भुणभुणतो. अंगणातल्या कार्यक्रमात घड्याळाकडेही लक्ष असू दे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला मनाई आहे. शेजारच्या काकूंना हे नियम तुझ्यापेक्षा चांगले पाठ असतात.

ट्यूब बदलाव्या लागतील म्हणून घाबरू नकोस. पुढच्या छोट्या ट्यूब वर्षानुवर्षं चालतात, मागच्या त्यांच्यापेक्षा लवकर झिजतात. एके काळी बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. आता ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. एक जादा १२एएक्स७ आणि मागच्या पाटीवर लिहिलेल्याच क्षमतेचे दोन फ्यूज जवळ ठेव. पॉवर ट्यूब जोडीने बदलायच्या. प्रिन्सटनसारख्या अँपमध्ये त्यानंतर बायस जुळवून घ्यावा लागतो आणि ते काम मेकॅनिकचं. तू पेटी उघडायची नाहीस. आत तीन-चारशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ दबा धरून बसतात. पावसाळ्यात भिजून आलीस तर अँप आधी पुसून कोरडा होऊ दे, मग चालू कर. कार्यक्रम संपल्यावर ट्यूब गार होईपर्यंत तो उचलायची घाई नको. तोवर केबली गुंडाळ.

आणि हेही सांगून ठेवतो: सगळी गाणी स्वच्छच वाजवणार असशील, तर ट्यूबचा हट्ट सोडलास तरी चालेल. रोलंडचा जॅझ कोरस १९७५ पासून ट्रान्झिस्टरवर चालतोय आणि त्याच्या स्वच्छ सुराला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. बोटांनी जोर दिला की सूर किंचित दाटतो, सोडला की निवळतो, हा ट्यूबचा प्रतिसाद तुझ्या हाताला हवाहवासा वाटतो का, एवढंच बघ. वाटत असेल तर पैसे खर्च कर. हौसेला मोल नाही, पण हौस कुणाची आहे ते ठाऊक असावं.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःचीच केबल ने. रिव्हर्ब बंद कर. व्हॉल्यूम शून्यावरून अगदी हळू चढव आणि एक ते दोनच्या मधे काय होतं ते बघ. काही अँप तिथेच गप्प असतात आणि केसभर पुढे सरकवलं की एकदम ओरडतात. अशा कळीवर कॅफेतला आवाज जुळवताना तुझा जीव जाईल. मग गिटार दुसऱ्या कुणाच्या हातात दे आणि स्वतः चार मीटरवर जाऊन बस. शेवटी काहीच न वाजवता अँप नुसता चालू ठेवून ऐक. विक्रेता बोलत राहील. त्याला थोडा वेळ थांबायला सांग.

सगळ्यात महत्त्वाचं, गाणारीला बरोबर ने. तिला माइकशिवाय, नेहमीच्या सुरात गायला लाव आणि तू खाली कॉर्ड धर. चांगला पेटीवाला साथीला असला की गायकाला आवाज चढवावा लागत नाही. इथेही तीच परीक्षा. तिला सहज गाता आलं आणि तुलाही स्वतःचा प्रत्येक सूर ऐकू आला, तर पाटीवर बारा असोत की पंधरा, तो अँप घे. दोन अँप तुल्यबळ वाटले तर हलका घे. तरीही ठरत नसेल तर तिने निवडलेला घे, कारण रोज त्याच्यावर गायचं तिला आहे.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नकोस. तुझ्या आईला सांग, की मामाने खर्चाला परवानगी दिली आहे; पैसे दिलेले नाहीत.

तुझा,
मामा